डावे आटे

आम्ही दोघी नेमकं काय करतो, हे आमच्या घरमालकीणबाईंना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. "यीस्टवर काम करतो," असं एकदा माझी मैत्रीण म्हणाली, तेव्हा मावशी तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

"म्हंजी पावात घालत्यात त्येच ना?"

"हो, तेच."

"आन् त्येचं तुमी काय करताय?"

"त्याच्या आत काय असतं ते बघतो."

"दोन वर्सं झाली बघताय," मावशी म्हणाल्या, "पन अजून एक पाव न्हाई खिलवला आमाला."

हे भुकूमचं. साल दोन हजार तीनच्या आसपासचं. भुगाव मागं टाकलं की पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा भाताची खाचरं होती. मधेच एखाद्या खाचरात चिखलातच बिल्डरचा रंगीत बोर्ड उभा असायचा. मावशींच्या घरचाही एक तुकडा तसा गेला होता. त्यानंतर त्यांनी घरावर दोन खोल्या चढवल्या आणि त्यातली एक आम्हाला भाड्यानं दिली. मी सांगलीकडची, मैत्रीण परभणीकडची. पुण्यात एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांकडे आमची डॉक्टरेट चालली होती. सकाळी रस्त्यावर उभं राहून बसला हात करायचा, नाहीच थांबली तर सहा आसनी रिक्षात सातवी-आठवी होऊन चांदणी चौक गाठायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तसंच. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका कुकरमधलं खाल्लं. तिचं जे नुकसान माझ्या हातून झालं ते मी आजवर तिसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मुळात मी बोलणारी बाई नाही. पण आता लिहायचंच ठरवलं आहे तर नीट लिहिते.

आधी तिचं काम समजायला हवं, नाहीतर बाकीचं समजणार नाही.

यीस्टच्या पेशीत केंद्रक असतं. त्याला स्वतःचं आवरण असतं आणि त्या आवरणाला छिद्रं असतात. आत जायचं ते आणि बाहेर यायचं ते, सगळं या छिद्रांतून. पण छिद्र म्हणजे नुसतं भोक नसतं. कितीतरी प्रोटीन एकमेकांत अडकवून बांधलेली ती वेस असते, गावाला असते तशी. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, हे ती ठरवते. त्यातल्या एका प्रोटीनचा शेपटाकडचा भाग माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला आला होता. प्रोटीन म्हणजे एक लांब साखळी. तिचा जो भाग आपल्या आपण घडी घालून नीट बसतो, त्याला डोमेन म्हणतात. तर तिच्याकडं एक डोमेन होतं, आणि त्याची घडी कशी आहे हे तिनं शोधायचं होतं.

त्यासाठी आधी स्फटिक करावे लागतात. तिचे स्फटिक व्हायलाच दीड-दोन वर्षं गेली. मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, मोजमापं घ्यायची, बरीच गणितं करायची, आणि या सगळ्याच्या शेवटी संगणकाच्या पडद्यावर निळ्या जाळीचा एक ढग मिळतो. आम्ही त्याला नकाशा म्हणतो. त्या ढगातून साखळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली, हे माणसानं डोळ्यांनी शोधायचं.

घडी सापडली की तिला बसायला जागा शोधायची. जगात आजवर सापडलेल्या सगळ्या घड्यांचं वर्गीकरण करून ठेवलेलं आहे. आधी वर्ग, मग घडी, त्याखाली महाकुल, त्याखाली कुल. नवी रचना हातात आली की ती यातल्या कुणासारखी दिसते ते बघतात, आणि बहुतेक वेळा ती कुणासारखी तरी निघतेच. कशाशीच जुळली नाही, तर ती नवी घडी. तशी सापडली की त्या विद्यार्थ्याला जगभरातून बोलावणी येतात.

माझं प्रोटीन एका जिवाणूतलं होतं आणि त्याच्या कुलात आधीच शेकडो जण होते. एकदा प्रयोगशाळेत चहाच्या वेळी मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचं प्रोटीन म्हणजे स्वारगेटची गर्दी. कुणाकडंही बघा, आधी कुठंतरी बघितल्यासारखंच वाटायलंय." सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मीही हसले. तिच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते वाक्य मी धरून ठेवलं.

तिचे वडील परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत मास्तर होते. दर रविवारी ते मावशींच्या फोनवर फोन करायचे. खालून हाक यायची, "पोरी, परभनीचा फोन!" की ही पायात चप्पल न घालता खाली पळायची आणि वर येऊन मला सगळं सांगायची.

"स्थळ आलंय म्हणायलेत. मुलगा वकील आहे."

"मग?"

"मग काय? मी म्हणलं, बाबा, रचना सुटू द्या. तर म्हणायलेत, वर्षभर सुटायलीच आहे, अशी कशी गं तुझी रचना?"

आणि दोघी हसायचो. पण त्या बापलेकींचं ठरलेलं होतं. तिचा पेपर छापून आला आणि परदेशात पुढच्या संशोधनाची जागा मिळाली, तर वडील लग्नाचं नाव काढणार नव्हते. नाहीतर तिनं घरी जायचं. वडील वाईट नव्हते. आजूबाजूच्या लोकांना तोंड देऊन देऊन दमले होते, एवढंच.

मग एके दिवशी तिची रचना सुटली. दोन चादरी समोरासमोर धराव्यात तसे दोन थर, दोन्ही पट्ट्यापट्ट्यांचे, आणि एका टोकाला ना धड पट्टी ना धड वळसा असा एक सैल भाग. तिनं ती जगातल्या सगळ्या घड्यांशी ताडून पाहिली. कशाशीच जुळेना. सरांनी स्वतः पुन्हा ताडून पाहिली. तरी जुळेना. सर त्या दिवशी सगळ्यांना वडापाव घेऊन आले. एवढ्या वर्षांत सरांनी कुणाला काही खायला घातल्याचं आम्हाला आठवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. रचना आणि नकाशा एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा एक आकडा असतो. काम नीट झालं की तो खाली येतो. तिचा आकडा मधेच अडकून बसला होता. "स्फटिकच वाईट आहेत," सर म्हणाले. "त्यांच्याकडून यापेक्षा जास्त होणार नाही." तेही पटण्यासारखंच होतं. तिचे स्फटिक खरोखरच वाईट होते.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. कुठलीही रचना छापायला पाठवण्याआधी, त्या कामाशी संबंध नसलेल्या एकानं नुसता नकाशा घेऊन बसायचं. केलेली रचना त्याला दाखवायची नाही. त्यानं आपल्या डोळ्यांनी साखळीची वाट चालायची आणि काय दिसलं ते सांगायचं. याला आम्ही आंधळा फेरा म्हणायचो. ही रीत सरांनीच घातली होती, आणि ते म्हणायचे की स्वतःचा नकाशा बघताना माणूस आपल्याला हवं तेच बघतो. तिचा आंधळा फेरा तिनं माझ्याकडं मागितला. सरांनी दुसऱ्या मुलाचं नाव सुचवलं होतं, तर ती म्हणाली, "नको सर, हिलाच द्या. हिचे डोळे चांगले आहेत."

शनिवारची दुपार होती. नकाशे बघायच्या यंत्राच्या खोलीत पडदे ओढलेले असायचे. चित्र उठावाचं दिसावं म्हणून असलेला एक जाडजूड चष्मा लावला की नकाशा पडद्यातून बाहेर येऊन समोर तरंगायचा. मी एका टोकापासून चालायला लागले. पट्टी, वळण, पट्टी, पुन्हा वळण. नकाशा अस्पष्ट होता, पण चालता येत होतं. चालत चालत मी, तिच्या तोंडून ऐकलेल्या त्या टोकाच्या सैल भागापाशी आले, आणि तो सैल नव्हता. तिथं हेलिक्स होतं. साखळी स्प्रिंगसारखी वळत जाते त्याला हेलिक्स म्हणतात. लहानसं होतं, पण वळसे दिसत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. क्ष-किरणांच्या कामात वस्तू आणि तिची आरशातली प्रतिमा यांची सहज गफलत होते. त्या दोन्हींतली खरी कोणती, हे वेगळ्या पुराव्यावरून ठरवावं लागतं. तो पुरावा चुकला तर अख्खी रचना आरशातली निघते आणि वरवर बघता त्यात काही गैर दिसत नाही. ओळखण्याची एक खूण मात्र पक्की. प्रोटीनमधल्या हेलिक्सचे आटे उजवे असतात, घरातल्या साध्या स्क्रूसारखे. नकाशात ते डावे दिसले, तर समजायचं की आपण आरशात बघतो आहोत.

मी ते हेलिक्स फिरवून बघितलं. वरून बघितलं, खालून बघितलं. आटे डावे होते. मग मी मागं जाऊन पट्ट्यांचा पीळ बघितला, तर तोही उलट्या बाजूला होता.

मला शंका आली असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. शंका वगैरे नव्हती. मला कळलं. तिचा आकडा का अडकला तेही कळलं, त्या जागी तिला हेलिक्स का बसवता आलं नाही तेही कळलं. ती घडी जगात कुणाशी जुळत नव्हती, कारण तशी घडी जगात नव्हतीच. सुलट केली असती, तर बहुधा कुठल्यातरी जुन्या कुलात जाऊन बसली असती. मी चष्मा काढून तिथंच थोडा वेळ बसून राहिले.

बाहेर आले तर व्हरांड्यात सर आणि ती चहा पीत उभे होते.

"काय गं, सापडली का वाट?" तिनं विचारलं.

"सापडली."

"काही वेगळं दिसलं?" सर म्हणाले.

"नाही सर. टोकाला जरा अंधूक आहे. बाकी वेगळं काही नाही."

तिनं माझा दंड धरला आणि सरांना म्हणाली, "बघा सर, म्हणलं नव्हतं मी?"

का केलं असं? नकाशा अस्पष्ट होता, मी विद्यार्थिनी होते, सरांच्या आनंदावर विरजण कसं घालायचं, अशी कारणं मी बरीच वर्षं स्वतःला पुरवली. खरं एवढंच आहे की मला वाटलं, पडू दे हिला जरा तोंडावर. तिचं वाटोळं व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. पेपर परीक्षकांकडं जाईल, त्यांच्यातला कुणीतरी चूक पकडेल, पेपर परत येईल, चारचौघांत हिची थोडी फजिती होईल, मग ती रचना सुलट करेल आणि माझ्याबरोबर गर्दीत येऊन उभी राहील. इतपतच मी मनात ठरवलं होतं. परीक्षक पकडणार नाहीत हे माझ्या हिशेबात नव्हतं.

परीक्षकांनी पकडलं नाही. पेपर स्वीकारल्याचं कळलं, त्या संध्याकाळी ती पौड फाट्यावर उतरली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावाच्या दोन लाद्या घेऊन घरी आली.

"मावशी, हे घ्या. तुमचा पाव."

"आगं बया! ह्यो तुजा का?"

"माझाच समजा."

मावशींनी पाव दाबून बघितला. "मऊ हाय," म्हणाल्या. "बरं केलंस. आता बापाला फोन कर आन् सांग, पोरगी हुशार निगाली." तिनं फोन केला. तिथं मास्तर रडत असावेत, कारण ती सारखी म्हणत होती, "बाबा, ऐकू येईना गेलंय, बोला की." मी बाजूला पाटावर बसून बटाट्याची सालं काढत होते. पेपरच्या शेवटी तिनं ज्यांचे आभार मानले होते, त्यांत पहिलं नाव माझं होतं.

वडिलांनी स्थळं बघायचं थांबवलं. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं तिला जागा देतो म्हणून कळवलं. ती शनिवारी डेक्कनला जर्मनच्या वर्गाला जायला लागली आणि रात्री जेवताना मला भाज्यांची जर्मन नावं ऐकवून छळायला लागली.

वर्षसुद्धा झालं नसेल. दुसऱ्या देशातल्या एका गटानं तेच डोमेन सोडवलं. त्यांचे स्फटिक चांगले होते, नकाशा लख्ख होता. वर्गीकरण करणाऱ्यांनी त्यांची रचना एका जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या कुलात घातलीसुद्धा. त्या गटातल्या कुणीतरी सरांना फार सभ्य शब्दांत विचारलं होतं, की तुमची आमच्याशी का जुळत नसावी, तुमचं काय मत?

सरांनी आम्हा सगळ्यांना यंत्राच्या खोलीत बोलावलं. ती खुर्चीवर बसली, आम्ही मागं उभे. तिनं त्यांची रचना पडद्यावर आणली, स्वतःची आणली, एकीवर एक ठेवायला बघितली. बसेनात. इकडून ठेवून बघितली, तिकडून ठेवून बघितली. मग तिचा हात थांबला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिनं स्वतःच आपली रचना आरशात घालावी तशी उलटी केली आणि त्यांच्या रचनेवर ठेवली. बरोब्बर बसली. टोकापासून टोकापर्यंत.

"उलटी आहे," ती म्हणाली. एवढंच. आवाज अगदी साधा होता.

नंतर कारण सापडलं. मोजमापं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. खरी बाजू ज्यावरून ठरवायची तो पुरावाच त्यामुळं उलटा झाला. असली चूक आमच्या धंद्यात कुणाच्याही हातून होऊ शकते. म्हणून तर आंधळा फेरा.

सरांना ते आठवलंच. "फेरा कुणी केला होता?" ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तुला काहीच दिसलं नव्हतं?"

"नाही सर," मी म्हणाले. "तेव्हा नाही दिसलं."

आणि ती पडद्याकडं तोंड करूनच म्हणाली, "तिची काय चूक सर? नकाशा उलटा मीच दिला होता. त्यात कुणाला काय दिसणार?"

दोनदा बोलायची संधी होती. ही दुसरी.

पेपर मागं घेतला गेला. जर्मनीवाल्यांनी जागा सध्या देता येत नाही असं कळवलं. सरांनी तिला काढून टाकलं नाही, म्हणाले, विषय बदल, नवं प्रोटीन घे, अजून दोन-तीन वर्षं लागतील. पण सर तिच्याशी पूर्वीसारखे बोलत नव्हते. बोलताना तिच्या मागच्या भिंतीकडं बघायचे. माझा प्रबंध त्याच महिन्यात मंजूर झाला.

मास्तर तिला न्यायला आले. पांढरा शर्ट, धोतर, हातात कापडी पिशवी. मावशींनी त्यांना बसवून चहा दिला. "पोर हुशार हाय तुमची," मावशी म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "हुशार आहेच हो. पण घाई केली तिनं. सगळं बिनसलं ते घाईनं." ती त्यांच्यासमोरच वळकटीला दोरी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. मी दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. टेम्पोत सामान चढवून झालं तेव्हा मावशींनी तिच्या हातात तांदळाची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "ह्यो आमचा घरचा आंबेमोहर हाय. तिकडं तुज्या गावाला असला मिळायचा न्हाई." मग ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू सोडू नकोस हं. दोघींतली एक तरी राहू दे."

माझं पुढं ठीक झालं. हिंजवडीत एका कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर प्रोटीनच्या डोमेनचं वर्गीकरण. संगणक ढोबळ वाटणी करतो आणि जिथं त्याला ठरवता येत नाही तिथं माणूस बघतो. तो माणूस मी. दिवसभर घड्या बघायच्या आणि ही या कुलातली, ही त्या कुलातली, असं सांगायचं. तिथून जवळच, नेऱ्यात, फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते इथं आणायला नको.

कामात तिचं डोमेन एकदा समोर आलं. त्या गटाची रचना त्या जुन्या कुलात व्यवस्थित बसलेली होती, भावंडांत बसावी तशी. तिची रचनाही सापडली. असल्या रचना पुसून टाकत नाहीत. रद्द असा शेरा मारून ठेवतात. मी तिची उघडली. साडेतीनशे लोकांच्या त्या मजल्यावर आजूबाजूला कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत फोनवर बोलत होतं, कुणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं, आणि मी ती घडी फिरवून टोकाचा तो भाग बघितला. तिनं तिथं काहीच बांधलेलं नव्हतं. साखळी तेवढ्या जागी तुटलेली होती. शेवटी शेवटी तिनं तो सैल भाग काढूनच टाकला असावा. जे नीट दिसत नाही ते ठेवायचं नाही, इतकी ती प्रामाणिक होती.

दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ आयटीत लागून हिंजवडीजवळच्या चांद्यात राहायला आला होता आणि ती त्याच्याकडं आठ दिवसांसाठी आली होती. "एवढ्या जवळ आलेय तर तुला भेटल्याशिवाय कशी जाऊ?" म्हणाली.

दुपारी आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी. मैत्रीण जाड झाली होती आणि तिचे केस बरेच पांढरे झाले होते, पण हसणं तेच. नवरा वकील, पूर्वी स्थळ आलेला तो नव्हे, दुसरा, पण वकीलच. ती घरी बारावीच्या मुलांच्या बायॉलॉजीच्या शिकवण्या घेत होती. मुलगी माझ्या पलंगावर झोपून गेली. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले, असं तिनं सांगितलं. मावशींचं सांगितलं मी, की भुकूमची उरलेली जमीनही गेली आणि आता तिथं सात मजली इमारती आहेत. मग तिनं माझं काम विचारलं. मी सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू वाटण्या करायलीस. चांगलंय. तुझे डोळे पहिल्यापासून चांगले."

तिथं मी बोलले. काही ठरवलं नव्हतं. म्हणाले, "मला दिसलं होतं."

"काय?"

"तुझ्या नकाशात. हेलिक्स. फेरा केला तेव्हा."

तिनं प्रश्न विचारले, आणि ते रडून-भेकून विचारलेले नव्हते. प्रयोगशाळेत विचारावेत तसे होते.

"किती वळसे?"

"दोन. दोन पुरे दिसत होते."

"डावे?"

"हो."

"चष्मा लावून बघितले होतेस?"

"हो. पिळाचंही बघितलं. तोही उलटा होता."

"म्हणजे पक्कं माहीत होतं."

"हो."

कुकरची शिटी झाली, म्हणून मी उठून गॅस बंद केला. वळले तेव्हा ती टेबलावरचा मिठाचा डबा सरळ करत होती.

"कामून?" ती म्हणाली.

मी सांगितलं. स्वारगेटचं सांगितलं, जळत होते ते सांगितलं, परीक्षक पकडतील असं वाटलं होतं ते सांगितलं. तिला स्वारगेटचं काही आठवत नव्हतं. "असं बोलले होते मी?" म्हणाली. मग म्हणाली, "आठवडाभराचं काम होतं गं. रकाने अदलाबदल करायचे आणि परत बांधायचं. तेव्हा तर ते दुसरे आलेही नव्हते. जुन्या कुलातली निघाली असती, निघू दे की. त्या वेशीवरचं ते डोमेन पहिल्यांदा कुणी सोडवलं, तर मी. मला कुठं नवी घडीच पाहिजे होती? ती सरांना पाहिजे होती."

मी माफ कर म्हणाले. हे शब्द तोंडातून निघाल्यावर ते किती हलके आहेत ते मला ऐकू आलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "मी घरी गेले ना, तर रोज रात्री तो नकाशा डोळ्यांपुढं यायचा. असं कसं दिसलं नाही आपल्याला, असं वाटायचं. बाबा घाई घाई म्हणायचे, आल्या-गेल्याला सांगायचे. मला एकच धरायला होतं. मी म्हणायचे, तिलाही दिसलं नाही. तिचे डोळे माझ्याहून चांगले, तिनं दोन तास बघितलं, तिलाही दिसलं नाही. म्हणजे नकाशाच तसा होता. कुणालाच दिसलं नसतं." ती थांबली. "एवढंच होतं गं माझ्याकडं. त्यावर मी आजपर्यंत चाललेय."

मला वाटलं होतं, सांगितलं की माझ्यावरचं ओझं उतरेल. मग तिनं मला शिव्या द्याव्यात, नाहीतर जवळ घ्यावं, काहीही करावं. सांगितल्यानं तिचं काय होईल हे माझ्या मनात आलंच नव्हतं. याही वेळी मी माझंच बघितलं होतं.

"तुला मोकळं वाटलं का?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

थोडं वाटलं होतं, आणि ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

जेवण तयार होतं, पण ती थांबली नाही. भावाला फोन करून खाली बोलावलं. झोपलेल्या मुलीला उचलून तिनं खांद्यावर घेतलं. मुलीची एक चप्पल पलंगाखाली गेली होती. ती मी वाकून काढून दिली. दारात मी म्हणाले, "पिशवी दे, मी खालपर्यंत येते."

"नको," ती म्हणाली. "जाईन मी."

मी दारातच उभी राहिले. खाली मोटारसायकल सुरू झाली. भाऊ तिला म्हणत होता, "काय गं ताई, एवढ्यात झालं बोलून?" तिनं काय उत्तर दिलं ते मला वर ऐकू आलं नाही.